कुशल कामगार कोणास म्हणावें?

परदेशीं जाऊन तेथेंच घर करण्याचा विचार ज्या कुटुंबांत चालू असतो, त्या कुटुंबांत पहिला प्रश्न बहुधा पदवीचा निघतो. मुलगा बी. ई. आहे, सून एम. कॉम. आहे, एवढ्यावर कॅनडांत जातां येईल कीं नाहीं, असें वडील माणसें विचारतात. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळां आला आहे कीं, आजच्या भाषणास त्यापासूनच आरंभ करावा असें मला वाटलें. पदवीला तेथें मान नाहीं असें नाहीं. परंतु कॅनडाचा कायदा अर्जदाराला प्रथम जें विचारतो तें निराळें आहे. तुम्हीं प्रत्यक्ष कोणतें काम केलें, किती तास केलें, त्याचा मोबदला तुम्हांला मिळाला काय, आणि हें सारें कागदावर दाखवितां येईल काय, असें तो विचारतो. आपल्याकडील सुशिक्षित माणूस यांपैकीं चौथ्या प्रश्नापाशीं अडखळतो, आणि मला मुख्यतः त्या अडखळण्याविषयींच बोलावयाचें आहे.

कामाविषयीं प्रश्न विचारला जावा, ही गोष्ट तेथेंही फार जुनी नाहीं. एके काळीं कॅनडाच्या दारांत आपल्या माणसाचें काम कोणी विचारीतच नसे. तो कोठून आला एवढेंच पाहिलें जाई. १९०८ सालीं तेथील सरकारनें असा नियम केला कीं, स्वदेशाहून वाटेंत कोठेंही न थांबतां थेट येईल त्यालाच उतरूं द्यावें. हिंदुस्थानाहून तसा थेट प्रवास करणें व्यवहारांत अशक्यच होतें, आणि नियमाचा हेतूही तोच होता. १९१४ सालीं ‘कोमागाटा मारू’ ही आगबोट ३७६ उतारू घेऊन व्हँकूव्हरला दोन महिने नांगरून राहिली आणि बहुतेक सर्वांना घेऊन तशीच परत फिरली. वंशावरून माणूस निवडण्याची ही रीत १९६२ च्या नियमांनीं बहुतांशीं मोडली, व १९६७ सालीं गुणांची पद्धति आली. त्या पहिल्या पद्धतींत १०० पैकीं ५० गुण पुरत. शिक्षणाला २०, कौशल्याला १०. आणि अर्जदाराविषयीं मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याचा ग्रह काय होतो त्यावर १५!

आज अधिकाऱ्याच्या त्या ग्रहाची जागा व्याख्येनें घेतली आहे. ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या नांवाची जी योजना आहे, तिला आपण कुशल कामगारांची योजना म्हणूं. कामगार हा शब्द ऐकून कोणीं नाक मुरडूं नये. त्या कायद्याच्या भाषेंत अभियंता, हिशेबनीस, परिचारिका, आचारी हे सारे कामगारच. गेल्या दहा वर्षांत निदान एक वर्षभर अखंड, आठवड्याला ३० तासांच्या हिशेबानें, म्हणजे एकंदर १,५६० तास पगारी काम केलेलें असावें, ही पहिली अट. अर्ध्या वेळेचें, आठवड्याला १५ तासांचें काम असेल तर तें दोन वर्षांचें हवें. जो आठवड्याला ६० तास राबला त्याचें वर्ष सहा महिन्यांत भरत नाहीं. तिसाच्या वरचे तास जमेस धरीत नाहींत. बिनपगारी उमेदवारीही धरीत नाहींत, मग ती कितीही नामांकित संस्थेंत केलेली असो.

आतां काम कोणतें, हा प्रश्न. कॅनडानें आपल्या देशांतील यच्चयावत् धंद्यांचें एक राष्ट्रीय वर्गीकरण तयार केलें आहे. २०२१ च्या आवृत्तींत त्याचे ५१६ गट असून प्रत्येकाला पांच आंकडी क्रमांक आहे, आणि लागणारें शिक्षण, अनुभव व जबाबदारी यांवरून ० ते ५ अशा सहा पायऱ्या केल्या आहेत. ० ते ३ या पायऱ्यांवरील काम कुशल. ४ व ५ वरील काम या योजनेपुरतें कुशल नव्हे. यांत आपल्या माणसाची कशी फसगत होते तें पाहा. आपल्याकडे ‘अकाउंटंट’ हा शब्द किती सैल आहे! लेखापरीक्षा करणारा सनदी हिशेबतज्ज्ञ, पेढीची सारी खातीं सांभाळून ताळेबंदापर्यंत नेणारा मुनीम, आणि दिवसभर बिलें व पावत्या नोंदविणारा कारकून, या तिघांच्याही नेमणुकीच्या पत्रांत तोच शब्द असूं शकतो. त्या वर्गीकरणांत पहिला पहिल्या पायरीवर, दुसरा दुसऱ्या पायरीवर आणि तिसरा चौथ्या पायरीवर आहे. म्हणजे एकाच नांवाच्या तीन माणसांपैकीं दोघांना दार उघडें व तिसऱ्याला बंद. आणि कोण कोणता हें त्याच्या हुद्द्यावरून ठरत नाहीं, त्यानें रोज काय केलें यावरून ठरतें.

वर्गीकरणांत प्रत्येक धंद्याखालीं त्याचें सामान्य वर्णन, त्याचीं मुख्य कामें आणि त्या नोकरीसाठीं लागणारी पात्रता अशीं तीन सदरें महत्त्वाचीं आहेत. पुष्कळ अर्जदार तिसरें सदर वाचून घाबरतात किंवा हुरळतात. गंमत अशी कीं, कुशल कामगारांच्या योजनेंत कायदा तिसऱ्या सदराची अट घालीतच नाहीं. वर्णनांतील काम तुम्हीं केलें पाहिजे, आणि मुख्य कामांपैकीं बराच भाग, त्यांतील अत्यावश्यक कामें धरून, तुमच्या हातून झाला पाहिजे, एवढेंच तो म्हणतो. म्हणून पदार्थविज्ञान शिकलेला जो तरुण पांच वर्षें संगणकाच्या आज्ञावली लिहीत आहे, तो तेथें आज्ञावलीकार ठरतो. आणि यंत्रशास्त्राची पदवी घेऊन विमा विकणारा तरुण यंत्रअभियंता ठरत नाहीं. आपल्या पदवीप्रिय समाजाला ही गोष्ट पचावयास जड जाते खरी.

हातकाम करणाऱ्यासाठीं २०१३ पासून निराळी योजना आहे, आणि तेथें उलटें आहे. समजा, नाशिकच्या अंबड वसाहतींतील एखादा वेल्डर. त्याला गेल्या पांच वर्षांत दोन वर्षांचें काम दाखवावें लागतें आणि पात्रतेचें तें तिसरें सदरही पुरें करावें लागतें. प्रांतानें द्यावयाच्या प्रमाणपत्राची अट तेवढी तेथें वगळली आहे. परंतु एका दारानें वगळलेली ही अट दुसऱ्या दारानें परत येते. कारण निदान एक वर्षाच्या नोकरीचें वचन तरी हातीं हवें, नाहीं तर एखाद्या प्रांताचें तेंच प्रमाणपत्र हवें, असें पुढील कलम सांगतें. इंग्रजीची अट मात्र सौम्य आहे. ज्याचें इंग्रजी व शालेय शिक्षण चांगलें आहे अशा वेल्डरानें पहिल्या योजनेंतून अर्ज करण्यास हरकत नाहीं, कारण त्याचा धंदा दुसऱ्या पायरीवरच आहे. त्याची खरी अडचण निराळीच असते. लहान कारखान्यांत पगार रोखीनें होतो, भविष्यनिर्वाह निधीचें खातें नसतें, आणि दहा वर्षें उत्तम सांधा जोडणाऱ्या माणसाजवळ तो कारखान्यांत होता याचा एकही कागद नसतो.

सुशिक्षितांची अडचण याहून फार वेगळी नाहीं. अनुभवाच्या पत्रांत काय असावें हें तेथील सरकारनें स्पष्ट लिहिलें आहे. संस्थेच्या छापील कागदावर, वरिष्ठाच्या किंवा नेमणूक-अधिकाऱ्याच्या सहीनें, हुद्दे, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन व इतर लाभ, आणि कामांचें वर्णन. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ ठाण्याच्या एका कारखान्यांत अकरा वर्षें अभियंता होते. त्यांना अर्ज करण्याचें आमंत्रण आलें. आमंत्रणानंतर ६० दिवसांत सर्व कागद जावे लागतात. त्यांच्या जुन्या कचेरींतून मिळालेल्या पत्रांत एवढेंच होतें कीं, सदर गृहस्थ अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ होते, त्यांची वर्तणूक समाधानकारक होती, आणि पुढील आयुष्यासाठीं त्यांना शुभेच्छा. कामें लिहून द्या म्हणून ते तीन वेळां गेले. आमच्याकडे एकच मसुदा आहे, असें उत्तर मिळालें. तेंच पत्र त्यांनीं पाठविलें, आणि अनुभव सिद्ध होत नाहीं म्हणून अर्ज फेटाळला गेला. शुभेच्छांना गुण नसतात.

असें झाल्यास जुन्या वरिष्ठाचें प्रतिज्ञापत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, निधीच्या खात्याचा उतारा हें सारें जोडून खुलासा करतां येतो. पण अधिकाऱ्यानें तो मानावाच असें नाहीं. स्वतःचा धंदा असणाऱ्याला तर स्वतःच लिहिलेलें कामांचें वर्णन चालतच नाहीं. धंद्याची नोंदणी, उत्पन्नाचा पुरावा, आणि ज्यांचें काम केलें त्यांच्याकडून, किती पैसे दिले यासह, लेखी दाखला असे तिन्ही कागद लागतात. अशा वेळीं कोणी तरी दलाल भेटतो आणि पाहिजे तसें पत्र करून देतों म्हणतो. त्यांत दोष केवळ नीतीचा नाहीं. असत्य माहिती दिल्याचें ठरलें तर पांच वर्षें कॅनडांत पाऊल टाकतां येत नाहीं, आणि अधिकारी कारखान्याला दूरध्वनि करून विचारूंही शकतो.

एवढें करून अनुभवाचें वजन तरी किती? कुशल कामगारांच्या योजनेंत १०० पैकीं ६७ गुण लागतात. त्यांत भाषेला २८, शिक्षणाला २५ आणि अनुभवाला फार तर १५. तेही सहा वर्षांनीं पुरे होतात. त्यानंतर २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ नांवाची दुसरी चाळण आहे, आणि तिच्यांत कॅनडाबाहेरील अनुभवाला स्वतंत्र असा एकही गुण नाहीं. उत्तम भाषेची किंवा कॅनडांतील अनुभवाची जोड असेल तरच तो मोजतात, आणि तीन वर्षें व तेरा वर्षें तेथें सारखींच. म्हणजे इंग्रजीच्या आय. ई. एल. टी. एस. परीक्षेंत श्रवणांत ८ व इतर तीन विभागांत ७ मिळविणें हें आणखी पांच वर्षें नोकरी करण्यापेक्षां लाभाचें आहे. उलट तिशीपासून दर वर्षीं वयाचे गुण कमी होत जातात. ‘आणखी थोडा अनुभव घेऊन मग जाऊं’ हा घरांतील समंजस वाटणारा सल्ला येथें पुष्कळदां नुकसानीचा ठरतो. नोकरीच्या वचनाला या चाळणींत पूर्वीं ५० किंवा २०० जादा गुण असत. अशीं वचनें विकत मिळूं लागल्यामुळें २५ मार्च २०२५ पासून ते काढून टाकले आहेत. तरीही वचन मिळवून देतों म्हणून त्या गुणांच्या नांवानें कोणी पैसे मागत असेल, तर त्याला ही तारीख सांगावी.

श्रोतेहो, येथपर्यंत देशाचें दार झालें. धंद्याचें दार निराळें आहे आणि त्याची किल्ली प्रांताकडे असते. अभियंता म्हणून देशांत प्रवेश मिळालेल्या माणसाला ओंटारिओ प्रांतांत अभियंता म्हणवून घेण्याचा अधिकार आपोआप मिळत नाहीं. त्यासाठीं तेथील अभियंत्यांच्या मंडळाचा परवाना लागतो. त्या मंडळाची अट अशी असे कीं, चार वर्षांच्या अनुभवांपैकीं एक वर्ष कॅनडांतील हवें. परवाना नाहीं म्हणून नोकरी नाहीं, आणि नोकरी नाहीं म्हणून तें एक वर्ष नाहीं! परदेशचा अनुभव पाहून ज्या देशानें माणसाला बोलाविलें, त्याच देशांत तो अनुभव उतरतांक्षणीं शून्य होई. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगानें २०१३ सालीं अशा अटीला सकृद्दर्शनीं पक्षपात म्हटलें, २०२१ सालीं प्रांतानें तिच्याविरुद्ध कायदा केला, आणि अभियंत्यांच्या मंडळानें २०२३ च्या मे महिन्यांत ती काढली. १ जानेवारी २०२६ पासून तेथील २५ किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातींतही कॅनडांतील अनुभवाची अट घालतां येत नाहीं. मालकाच्या मनांतील अट जाहिरातीबरोबर जाते कीं नाहीं, याविषयीं मी फारसा आशावादी नाहीं. म्हणून ज्यांचा धंदा परवान्याचा आहे, त्यांनीं प्रांताच्या मंडळाकडील पत्रव्यवहार घर सोडण्यापूर्वींच, शक्य तर अर्जाबरोबरच, सुरू करावा.

ठाण्याच्या त्या गृहस्थांची हकीकत अर्धी राहिली. अर्ज फेटाळला गेला तेव्हां त्यांचें वय अडतीस होतें, आणि पुढील वाढदिवसाला आणखी गुण जाणार होते. त्यांच्या पत्नी डोंबिवलीच्या एका लहानशा छापखान्यांत नऊ वर्षें हिशेब पाहत होत्या. घरांत आजवर कोणीं त्यांच्या नोकरीला मोठी नोकरी म्हटलें नव्हतें. त्यांनीं मालकांकडे पत्र मागितलें. मालकांनीं, ‘काय काय लिहूं, बाई?’ असें विचारून समोर बसूनच मसुदा केला: रोजमेळ, खतावणी, पगारपत्रक, कराचीं विवरणें, ताळेबंदापर्यंतचें सारें काम, आठवड्याचे ४२ तास, वेतन, तारखा. पत्र दीड पानाचें झालें आणि काम दुसऱ्या पायरीवर बसलें. त्या कामाला प्रांताचा परवानाही लागत नाहीं. इंग्रजीची परीक्षा बाईंनीं दोनदां दिली. अर्ज त्यांच्या नांवानें गेला व मंजूर झाला, आणि गृहस्थ त्याच कागदांवर त्यांचे पति म्हणून गेले.