आनंद बाजाराचा हिशोब कोण ठेवणार?

(सांबऱ्यात माध्यमिक शाळेच्या मुलांसमोर आणि पालकांसमोर केलेलं भाषण)

 

मी राज्यशास्त्र शिकतो. याला धंद्यातलं काय कळतंय, असं म्हणाल. म्हणा. पण एक गोष्ट बघा.

आपल्या मराठी शाळांत आनंद बाजार भरतो. भेळ, वडे, घरची कोथिंबीर. पाहुणे येतात, फोटो होतात. वडे कोण घेतं? ज्याची त्याची आई! संध्याकाळी पोरगं सांगतं, तीनशे रुपये मिळाले. तेल कुणाचं, पीठ कुणाचं, आईची सकाळ किती गेली, हे कोणी विचारत नाही. विक्री शिकवली, हिशोब राहून गेला. आणि धंदा बुडतो तो हिशोबातच की.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले. 1869 साली गुर्लहोसूरला जन्म. चित्रकार व्हायचं होतं, पण रंग नीट ओळखता येईनात. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईत तांत्रिक संस्थेत शिकवू लागले. 1888 मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष लागतं, असं शेतकरी म्हणायचे. नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली. 1910 मध्ये कारखाना औंध संस्थानात हलला आणि किर्लोस्करवाडी झाली. आपण भाषणात त्यांचं नाव घेतो, पण ती न खपलेली दोन वर्षं पोरांना सांगतो का?

दिल्लीच्या सरकारी शाळांत 2019 पासून नववी ते बारावीला उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे अकरावी-बारावीच्या मुलांना धंदा करून बघायला प्रत्येकी 2000 रुपये भांडवल दिलं गेलं. आपल्याला तेवढंही नको. आपल्याकडे रान आहे.

आपल्या भागातली भाजी गोव्यापर्यंत जाते. नववीच्या पोरानं घरच्या एका सरी कोबीचा हिशोब लिहावा: रोपं, खत, औषध, मजुरी, टेंपो, अडत. घरच्यांची मजुरीही धरायची, तिथंच खरी गंमत आहे. ती धरली की नफा कुठं जातो ते दिसतं. गणिताच्या सरांना शेकडेवारी शिकवायला दुसरं उदाहरण शोधावं लागणार नाही.

भाषेचं म्हणाल तर, कागद मराठीत मिळावेत ही मागणी सोडायची नाही. पण तोवर टेंपो थांबत नाही. पावती कन्नडमध्ये येते, गिऱ्हाईक कोकणीत घासाघीस करतं. दोन्ही समजून घ्यायचं. त्यानं आपलं मराठीपण कमी होत नाही.

सर, एवढीच विनंती. येत्या आनंद बाजारात प्रत्येक टेबलावर एक वही ठेवा. आणि आयांनो, त्या दिवशी आपल्या पोराचा वडा घेऊ नका, शेजारच्या टेबलावरचा घ्या.