पेशी घर का सोडतात?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कर्करोग म्हटले की आपण गाठीला भितो. पण स्तनातील गाठ स्तनातच असेपर्यंत ती बहुधा शस्त्रक्रियेने काढता येते. जिवावर बेतते ते पुष्कळदा तिच्यातील पेशी सुटून फुप्फुसांत, यकृतात, हाडांत जाऊन बसल्या म्हणजे. या पेशी घर सोडतात तरी कशा?

पेशीतील डी.एन.ए. ही मूळ पोथी समजा. तिच्यातील हवा तेवढा मजकूर आर.एन.ए.च्या चिठ्ठीवर उतरतो आणि चिठ्ठीबरहुकूम प्रथिन तयार होते. याखेरीज जेमतेम २२ अक्षरांचे चिमुकले आर.एन.ए.ही असतात. ते जुळत्या चिठ्ठीला चिकटून तिचे काम अडवतात. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत हा प्रकार उजेडात आणला. अँब्रोस यांच्या निबंधावर पहिले नाव रोझालिंड ली या बाईंचे होते. २०२४ साली अँब्रोस व रव्हकुन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या चिमुकल्यांतील ‘२००’ क्रमांकाचे कुटुंब पेशींना एकमेकींना धरून ठेवायला लावते. ‘झेब’ नावाची प्रथिने पेशींना जोडणारा डिंक तोडू पाहतात. हे कुटुंब झेबच्याच चिठ्ठ्या अडवते. ते उणे पडले की झेब माजते, डिंक आटतो आणि पेशी सुट्या होतात. ‘१०-बी’ची तऱ्हा उलटी. ते वाढवले, तेव्हा उंदरांतील स्तनाच्या गाठी पसरू लागल्याचे २००७ साली आढळले. २०१० साली उंदरांतच ते अडवून पाहिले, तर फुप्फुसांतील प्रसार पुष्कळ घटला; मूळ गाठ मात्र लहान झाली नाही. म्हणजे गाठ वाढणे आणि ती पसरणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

या ज्ञानातून प्रसार थांबवणारे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. तोवर आपल्या हाती आहे ती वेळ. स्तनातील गाठ पुष्कळदा दुखत नाही. म्हणूनच आपण ती पदराआड ठेवतो, लग्नकार्य उरकल्यावर पाहू म्हणतो. पेशी मात्र आपल्या लग्नकार्यासाठी थांबत नाहीत. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा, संकोचाने नव्हे. नवी गाठ, कातडीला पडलेली खळी, स्तनाग्रातून रक्त, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. एकटीला धीर होत नसेल, तर शेजारणीला बरोबर घ्या. मंडळ आहे ते याचसाठी.