न दुखणारा कोंब

श्रोतेहो, छापील पत्रिकेत आजचा विषय 'पोटाचे काही विकार' असा मोघम दिला आहे. मला बोलायचंय ते जरा खालचं. गुदद्वाराशी कोंब आला, हाताला लागतो, पण दुखत नाही. तर डॉक्टरकडे कधी जायचं? पुढच्या रांगेतल्या काकांनी पेपर उघडलाय. हरकत नाही, कान उघडे ठेवा म्हणजे झालं.

'दुखत नाही ना, मग राहू दे.' घरोघरी हेच उत्तर मिळतं. पण त्या जागेची रचना बघा. गुदमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, आणि त्याच्या साधारण मध्यावर एक दातेरी रेषा असते. रेषेखालची कातडी इतकी हळवी की बारीकशी चीर पडली तरी धडधाकट माणूस संडासात रडतो. वरच्या अस्तराला मात्र कापल्या-टोचल्याची वेदना कळत नाही. म्हणून तर आतल्या मुळव्याधीला आम्ही भूल न देता रबरबँड लावू शकतो. म्हणजे दुखणं हे बऱ्याच अंशी जागेवर ठरतं, आजाराच्या गांभीर्यावर नाही. आणि रेषेखाली आलेली गाठसुद्धा सुरुवातीला गप्प बसू शकते.

बहुतेक कोंब निरुपद्रवी असतात, हे आधीच सांगतो. जुनी मूळव्याध ओसरल्यावर किंवा बाळंतपणानंतर कातडीची लोंबती घडी उरते. ती जन्मभर राहिली तरी बिघडत नाही. आतली मूळव्याध जोर केल्यावर बाहेर येते, पुन्हा आत जाते. फुलकोबीसारखे बारीक मस्से दिसले तर ते एचपीव्ही या विषाणूचे. ओलसर, चपटे, न दुखणारे उंचवटे गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, दुसऱ्या टप्प्यातही येतात. ते रक्ततपासणीत कळतं आणि पेनिसिलिनने बरं होतं. राहिला कॅन्सर. गुदद्वाराचा कॅन्सर विरळा आहे, पण तो मुळव्याधीच्या नावाखाली महिनोन् महिने मलम खात बसतो.

तेव्हा नवा कोंब दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवा. तो वाढतोय, टणक लागतोय, त्यावर जखम आहे, रक्त किंवा पू येतोय, जांघेत गाठ आहे, शौचाची सवय बदलली आहे, यातलं काहीही असेल तर तेवढंही थांबू नका. एचआयव्ही असलेल्यांनी, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि पूर्वी गर्भाशयमुखाचा एचपीव्हीचा आजार झालेल्या बायकांनी लगेच यावं. काळपट कोंब म्हणजे साकळलेलं रक्त असं परस्पर ठरवू नका. क्वचित तो मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, असतो. बाहेर आलेला कोंब आत जाईना, काळानिळा पडला, किंवा रक्ताची धार लागून चक्कर आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि 'मला वीस वर्षं मूळव्याध आहे' हा दाखला चालणार नाही. मूळव्याध असलेल्याला कॅन्सर होत नाही, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

बसस्टँडच्या भिंतींवरच्या 'बिनाऑपरेशन, एका इंजेक्शनात' अशा जाहिरातींबद्दल थोडं कडक बोलतो. तिथे जाळणारी औषधं लावून घेतलेले रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा कोंबाऐवजी आकसलेला गुदमार्ग दुरुस्त करावा लागतो. शिवाय कोंब काय होता, हे तपासायला तुकडाच उरत नाही.

लवकर येण्याला आता मोठं कारणही आहे. पूर्वी गुदद्वाराच्या कॅन्सरला एकच उपाय होता: तो भाग काढून पोटावर शौचाची पिशवी, तीही कायमची. अमेरिकेत डेट्रॉइटला नॉर्मन निग्रो हे सर्जन शस्त्रक्रियेआधी किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देऊ लागले. १९७४ साली त्यांनी लिहिलं, की नंतर काढलेल्या भागात गाठीचा मागमूस सापडत नाही. मग कापायचं कशाला? आज बहुतेक रुग्णांची सुरुवात याच उपचाराने होते आणि पुष्कळांची पिशवी टळते. तरी उशीर झाला, रोग पसरला, तर हात तोकडे पडतात. अमेरिकन नटी फॅरा फॉसेट यांना २००६ मध्ये हा आजार निघाला. त्यांनी स्वतःच्या आजारपणावर माहितीपट काढू दिला. २५ जून २००९ रोजी त्या गेल्या. त्याच दिवशी मायकेल जॅक्सन गेला, आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं.

या कॅन्सरच्या मुळाशी बहुतांशी एचपीव्हीच असतो, विशेषतः १६ नंबरचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. ती तरुण वयात घ्यायची. आलेले मस्से तिने जात नाहीत.

तपासणीची धास्ती घेऊ नका. कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी. डॉक्टर आधी बघतात, मग हातमोजा घालून वंगण लावलेल्या बोटाने चाचपतात, मग छोट्या नळीतून आत पाहतात. काही मिनिटांचं काम. शंका वाटली तर तुकडा तपासायला जातो. रक्त जात असेल तर, वयानुसार, मोठ्या आतड्याची दुर्बीणही सुचवतील. बायकांना स्त्री सर्जन हव्या असतील तर नाव नोंदवतानाच सांगावं, किंवा सोबत कुणाला तरी आत घ्यावं. साध्या तपासणीला उपास लागत नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर चिठ्ठी बरोबर आणा. गोळी मनाने बंद करू नका.