स्कूटरचा प्लग : घरच्या घरी
(इचोडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इचोडा हे महामार्गावरचे गाव. पूर्वी ७ क्रमांकाचा व आता ४४ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता सोडून आपण आतल्या वस्त्यांकडे वळलो, की मेकॅनिक दुर्मिळ होतो. अशा वस्तीत रात्री मूल तापाने फणफणले आहे, बाहेर पाऊस आहे आणि स्कूटर किक मारून मारून सुरू होत नाही, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. पुष्कळदा दोष असतो तो बोटभर लांबीच्या एका वस्तूचा.

आपल्या भागात आजही जुन्या बजाज चेतक दिसतात. पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली ही गाडी आली आणि पुढे तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. तिचे दोन स्ट्रोकचे इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळते. त्यामुळे प्लगच्या टोकावर काजळी धरते, ठिणगी त्या काजळीतूनच वाहून जाते व दाबलेल्या वायूला आग लागत नाही. ऑइल अंदाजाने न ओतता मापाने घालावे, हे येथेच सांगून ठेवतो.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन थंड होऊ द्यावे. चेतकचे इंजिन उजव्या बाजूच्या झाकणाखाली असते. झाकण काढल्यावर प्लगभोवतीची माती फुंकून व पुसून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. टोपी काढताना तार ओढू नये, टोपीच धरावी. मग प्लगपाना सरळ बसवून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा.

नवीन प्लग बसवताना मात्र घाई नको. मी स्वतः एकदा घाई केली आहे. वडिलांची चेतक होती. प्लग तिरका लागला, तो मी पान्याने जोर लावून आत नेला आणि हेडचे आटे गेले. हेड ॲल्युमिनियमचे, प्लगचे आटे पोलादाचे; हरणार कोण, हे सांगावयास नको. काही रुपयांच्या कामासाठी हेड लेथवाल्याकडे न्यावे लागले, वडिलांचे बोलणे खावे लागले ते वेगळेच. म्हणून प्रथम केवळ बोटांनी प्लग फिरवावा. तो अडखळला तर काढून पुन्हा लावावा. बोटांनी पूर्ण टेकल्यावर, वायसर नवा असल्यास, पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. त्यापूर्वी टोकांमधील फट पाहावी. चेतकला ती सुमारे ०.६ मिलिमीटर लागते. प्लग मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. दिसायला सारखा म्हणून भलताच बसवू नये.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी त्याचा रंग पाहावा. तपकिरी असेल तर इंजिन निरोगी आहे. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते किंवा चोक ओढलेला राहतो. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल अधिक झाले किंवा ठिणगीच पडत नाही. पांढुरका प्लग इंजिन अति तापत असल्याचे सांगतो आणि तेव्हा नुसता प्लग बदलून भागत नाही, गाडी जाणकारास दाखवावी. शिक्षकबंधूंनी वर्गात असे चार जुने प्लग मांडून दाखविल्यास मुलांना ज्वलनाचा पाठ निराळा शिकवावा लागणार नाही.

ठिणगी तपासताना प्लग हातात धरू नये. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे, हे तर उघडच आहे. पावसात टोपी ओली झाली असेल, तर प्लग बदलण्याआधी ती कोरडी करून पाहावी. कित्येकदा तेवढ्यानेच गाडी सुरू होते.

चार स्ट्रोकच्या नव्या स्कूटरना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही. त्यांचा प्लग बारीक असतो व पानाही निराळा लागतो. २०२० साली आलेल्या विजेवरच्या चेतकला तर प्लगच नाही. पण आपल्या अंगणातल्या जुन्या गाडीच्या डिकीत एक नवा प्लग, एक पाना आणि कोरडे फडके आजच ठेवावे. काढलेला प्लग बरा असेल तर तोही पुसून त्याच फडक्यात गुंडाळून ठेवावा.