पुढाऱ्याचें वचन व हवेचा हिशेब

वर्तमानपत्र हातीं घेतलें कीं कोणत्या ना कोणत्या देशाच्या पुढाऱ्यानें हवामानबदलाविषयीं दिलेलें वचन दृष्टीस पडतें. अमुक सालापर्यंत धूर इतका कमी करूं, तमुक सालापर्यंत तो शून्यावर आणूं, असा त्याचा थाट असतो. वचन देणारा त्या सालीं अधिकारावर असण्याचा संभव बहुधा नसतो, आणि ऐकणारालाहि तें साल उजाडेपर्यंत आजचें भाषण आठवत नाहीं. मग अशा पुढाऱ्याची पारख करावयाची तरी कशी? या प्रश्नाचें तात्त्विक विवेचन करण्याचा माझा विचार नाहीं. मी एकच उदाहरण घेणार आहें व त्याचा जमाखर्च आपल्यापुढें मांडणार आहें. तें उदाहरण जर्मनीच्या माजी चॅन्सेलर आंगेला मर्केल यांचें.

हेंच उदाहरण कां, असें कोणी विचारील. मर्केलबाई मूळच्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक. त्यांना विषय कळत नव्हता अशी सबब त्यांच्या विरोधकांना किंवा चाहत्यांना पुढें करतां येत नाहीं. १९९४ ते १९९८ या काळांत त्या पर्यावरणखात्याच्या मंत्री होत्या आणि २००५ च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे सोळा वर्षें, चॅन्सेलर. वचन देणारी व्यक्ति मुदत भरते वेळीं त्याच आसनावर बसलेली आहे, असा योग राजकारणांत फार दुर्मिळ. शिवाय जर्मन लोक हिशेब चोख ठेवतात. देशांतून दर वर्षीं किती हरितगृह वायु हवेंत गेला, याचे आंकडे तेथील सरकारी पर्यावरण-कचेरी खातेवार प्रसिद्ध करते. ज्याला पाहावयाचे असतील त्याला ते पाहतां येतात.

आरंभ १९९५ पासून करूं. त्या वर्षीं मार्च-एप्रिलांत हवामानविषयक करार केलेल्या राष्ट्रांची पहिली परिषद बर्लिन येथें भरली. अध्यक्षस्थानीं अवघ्या चाळीस वर्षांच्या मर्केलबाई होत्या. बोलणीं फिसकटण्याच्या बेतांत आलीं, तेव्हां भारताचे त्या वेळचे पर्यावरणमंत्री कमलनाथ यांनीं त्यांना एक युक्ति सुचविली. धनिक राष्ट्रांचे प्रतिनिधि एका दालनांत व विकसनशील राष्ट्रांचे दुसऱ्या दालनांत बसवावे आणि अध्यक्षांनीं दोहोंमध्यें खेपा घालाव्या. त्याप्रमाणें रात्रभर येरझारा करून त्यांनीं पहाटे एकमत घडवून आणलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें आहे. या बर्लिनच्या ठरावांतूनच पुढें १९९७ चा क्योतो करार निघाला. ही नोंद जमेच्या बाजूची, आणि ती लहान नव्हे.

परंतु त्याच परिषदेंत तेव्हांचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनीं एक वचन दिलें होतें. १९९० च्या मानानें कर्बवायु २००५ पर्यंत पंचवीस टक्के कमी करूं, असें तें वचन. २००५ साल आलें. वचन पुरें झालेलें नव्हतें. आणि योगायोग असा कीं त्याच वर्षाच्या अखेरीस मर्केलबाईंनीं चॅन्सेलरपदाची शपथ घेतली. या न्यूनाचा दोष एकट्या त्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. मध्यंतरीं सात वर्षें श्रोडर यांचें राज्य होऊन गेलें होतें.

येथें "१९९० च्या मानानें" या शब्दांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. जर्मनीचें एकीकरण झालें तें याच वर्षीं. पूर्व जर्मनींतील जुनाट कारखाने व तपकिरी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या तोंपर्यंत चालूच होत्या. त्यामुळें त्या सालचा आंकडा सुमारें १२५ कोटी टन भरला. एकीकरणानंतर ते कारखाने धडाधड बंद पडले आणि १९९५ पर्यंत आंकडा ११२ कोटींच्या आसपास आला. लग्नाच्या पंगतींतून उठून एखाद्यानें वजन करावें, महिन्यानें पुन्हा करावें आणि आपल्या उपवासाचा महिमा सांगावा, तशांतलाच हा कांहींसा प्रकार. पूर्वेकडील लाखो कामगारांची भाकरी या घटींत बुडाली, हेंहि विसरूं नये. म्हणून पुढाऱ्यानें टक्के सांगितले कीं प्रथम विचारावें तें हें कीं टक्के कोणत्या सालापासून मोजले. मर्केलबाईंच्या कारकीर्दीपुरतें पाहावयाचें तर मोजणी २००५ पासून करणें योग्य. त्या सालचा आंकडा सुमारें ९९ कोटी टन होता आणि २०२० सालचा सुमारें ७३ कोटी. अर्थात् पंधरा वर्षांत सव्वीस टक्क्यांच्या जवळपास घट झाली.

आतां २००७ साल. जूनमध्यें हायलिगेनडाम येथें आठ बड्या राष्ट्रांची बैठक झाली, ऑगस्टमध्यें बाई ग्रीनलंडांतील इलुलिसाट येथें जाऊन वितळणारें बर्फ पाहून आल्या. तांबड्या जाकिटांतील त्यांचीं छायाचित्रें जगभर छापलीं गेलीं. जर्मन वृत्तपत्रांनीं त्यांना "हवामान-चॅन्सेलर" ही पदवी बहाल केली. छायाचित्रांना मी शून्य गुण देतों. त्याच वर्षीं त्यांच्या सरकारनें २०२० पर्यंत १९९० च्या मानानें चाळीस टक्के घट करण्याचें ठरविलें. ही गोष्ट मात्र मोजतां येण्यासारखी होती.

विजेच्या खात्यांत प्रगति खरोखर दिसते. २००५ सालीं वापरल्या जाणाऱ्या विजेंत वारा, सूर्य, पाणी इत्यादि अक्षय साधनांचा वांटा दहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२० सालीं तो पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेला. या यशाचा पाया २००० सालच्या कायद्यांत आहे, आणि तो श्रोडर यांच्या सरकारचा. मर्केलबाईंनीं तो मोडला नाहीं, हें श्रेय त्यांना द्यावें. पण त्याची गति त्यांच्याच काळांत खुंटली हेंहि लिहून ठेवावें. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत दर वर्षीं सुमारें ७,५०० मेगावॉट शक्तीचे सूर्यपट्ट बसत होते. अनुदानाचे दर उतरविल्यावर २०१४ सालीं तो आंकडा २,००० च्याहि खालीं आला. २०१७ सालीं जमिनीवरील पवनचक्क्यांची जी विक्रमी भर पडली होती, तीहि दोनच वर्षांत एक-पंचमांशावर आली.

अणुशक्तीची कथा तर चमत्कारिकच आहे. २०१० सालीं त्यांच्या सरकारनें अणुभट्ट्यांचें आयुष्य सरासरीनें बारा वर्षांनीं वाढविलें. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप होऊन फुकुशिमाचा अपघात घडला आणि कांहीं दिवसांतच धोरण उलटें फिरलें. आठ भट्ट्या बंद झाल्या. उरलेल्या नऊ २०२२ पर्यंत बंद करण्याचा कायदा झाला. (शेवटल्या तीन प्रत्यक्षांत एप्रिल २०२३ मध्यें विझल्या, तेव्हां बाई पदावर नव्हत्या.) लोकभावनेला मान दिला म्हणून कोणी त्यांची स्तुति करतात. हवेचा हिशेब मात्र निराळा बोलतो. कोळशाला हात लावण्यापूर्वींच धूर न करणारी वीज काढून टाकावयाची ठरली, आणि २०१३ सालीं देशांत निर्माण होणाऱ्या विजेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कोळशाचाच होता. माझ्या मतें क्रम चुकला.

पण श्रोतेहो, भाषणें आणि कृति यांतील अंतर मोजावयाचें तर मोटारींकडे पाहावें. २०१३ च्या जूनमध्यें युरोपीय राष्ट्रांमध्यें असें ठरत आलें होतें कीं नव्या मोटारींचा कर्बवायु २०२० पर्यंत सरासरीनें दर किलोमीटरमागें ९५ ग्रॅमवर आणावा. मसुदा तयार होता, मतदान व्हावयाचें होतें. आणि जर्मनीनें तें अडविलें. महिनोन्महिने ओढाताण होऊन अखेर तडजोड झाली ती ही कीं २०२० सालीं पंचाण्णव टक्के मोटारींना नियम लावावा व सर्वांना २०२१ पासून. त्या ऑक्टोबरांत बी. एम्. डब्ल्यू. कंपनीचे मोठे भागीदार असलेल्या कुटुंबाकडून मर्केलबाईंच्या पक्षाला ६,९०,००० युरोंची देणगी मिळाल्याचें सरकारी रीतीनेंच प्रसिद्ध झालें. देणगीचा व धोरणाचा संबंध नाहीं, असें दोन्ही पक्षांचें सांगणें. आणि संबंध असल्याचें सिद्धहि झालेलें नाहीं. म्हणून मी तारखा तेवढ्या लिहितों, अनुमान लिहीत नाहीं. ज्यांना राज्यकर्त्यांची वही ठेवावयाची आहे त्यांनीं हा संयम पाळावाच लागेल. नाहीं तर वहीची बखर होते.

मोटारींच्या या लाडाचें फळ काय? १९९० सालीं जर्मनीच्या वाहतुकींतून सुमारें १६ कोटी टन वायु निघत असे. २०१९ सालीं तो आंकडा सुमारें १६ कोटी टनच होता! इंजिनें सुधारलीं, पण गाड्या वाढल्या, जड झाल्या, मालमोटारींच्या रांगा लांबल्या. विजेच्या खात्यांतील यश पाहून टाळ्या वाजविणारांनीं या खात्याचें पानहि उलटून पाहावें. मर्केलबाई १९९० सालींच संसदेंत निवडून आल्या होत्या. तेव्हां हा आंकडा त्यांच्या साऱ्या राजकीय आयुष्यभर जागचा हललेला नाहीं.

एकंदर आंकडाहि २००९ ते २०१७ या काळांत ९० कोटींच्या आसपास घुटमळत राहिला. अशा स्थितींत २०१७ च्या सप्टेंबरांत, निवडणुकीच्या तोंडावर, चित्रवाणीवरील एका कार्यक्रमांत एका मतदारानें त्यांना सरळ विचारलें. बाईंनीं उत्तर दिलें कीं २०२० चें चाळीस टक्क्यांचें ध्येय गांठण्याचा मार्ग आम्ही काढूं, तसा मी शब्द देतें. निवडणूक झाली. पुढल्या जानेवारींत नव्या मंत्रिमंडळासाठीं वाटाघाटी सुरू झाल्या, आणि तीं ध्येयें मुदतींत साधत नाहींत हें बोलणीं करणाऱ्या पक्षांनीं मान्य करून टाकलें. चार महिने! मीं आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. गणित सुटत नाहीं असें सांगणाऱ्या मुलाचा मला कधीं राग आला नाहीं. सुटतें म्हणून सांगून पाटी लपविणाऱ्याची गोष्ट वेगळी.

यानंतर कायदे झाले. २०१९ च्या डिसेंबरांत हवामान-संरक्षणाचा कायदा अंमलांत येऊन प्रत्येक खात्याला दर वर्षाची मर्यादा आंखून दिली गेली. २०२० सालीं कोळसा २०३८ पर्यंत बंद करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षीं मेअखेर डाटेलन येथील कोळशाचें नवें वीजगृहहि चालू झालें. जमा व खर्च एकाच पानावर, तेंहि पांच आठवड्यांच्या अंतरानें.

२०१९ च्या कायद्याविरुद्ध कांहीं तरुण मंडळी कार्ल्सरूहे येथील घटनात्मक न्यायालयांत गेली. फिर्यादींत उत्तर समुद्रांतील बेटावर राहणारे होते, तसेच दूरच्या बांगलादेशांतले व नेपाळांतलेहि होते. एप्रिल २०२१ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, २०३० नंतर काय करावयाचें हें कायद्यानें पुरेसें सांगितलेलें नाहीं. मोठा भार पुढील वर्षांवर ढकलल्यामुळें आजच्या तरुणांचें उद्यांचें स्वातंत्र्य धोक्यांत येतें. बांगलादेश व नेपाळकडील फिर्यादींची बाजू न्यायालयानें ऐकून घेतली, पण त्यांना दाद मिळाली नाहीं. सरकारनें दोन आठवड्यांतच नवीं ध्येयें मंत्रिमंडळांत मंजूर केलीं. २०३० पर्यंत पासष्ट टक्के घट करावयाची आणि २०४५ पर्यंत जमाखर्च शून्यावर आणावयाचा, असें तीं सांगतात. जें काम सोळा वर्षांत झालें नाहीं तें पंधरवड्यांत झालें, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु पंधरवड्यांत झाला तो केवळ कागद.

त्या जुलैंत आर नदीच्या खोऱ्यांत महापूर आला. जर्मनींत एकशें ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक याच खोऱ्यांतलीं. मर्केलबाई शुल्ड या उद्ध्वस्त गांवीं गेल्या. आठवड्याच्या आंत बर्लिनमध्यें पत्रकारांनीं त्यांना त्यांच्या हवामानविषयक कामगिरीबद्दल विचारलें, तेव्हां आपण या प्रश्नासाठीं पुष्कळ शक्ति वेंचली, पण जें झालें तें पुरेसें नाहीं, अशा आशयाची कबुली त्यांनीं दिली. पदावर असतां असें बोलणारे थोडे. तेवढ्यासाठीं त्यांना एक गुण अधिक द्यावा असें मला वाटतें.

राहिलें तें चाळीस टक्क्यांचें वचन. २०२० सालची घट चाळीस टक्क्यांहून किंचित् अधिक भरली. तीन वर्षांपूर्वीं सोडून दिलेलें ध्येय हातीं आलें! पण त्या वर्षीं करोनाची साथ होती. मोटारी दारांत उभ्या होत्या, विमानें जमिनीवर होतीं. त्या एका वर्षाच्या घटींतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग साथीचा, असें खुद्द सरकारी कचेरीनें सांगितलें. २०२१ सालीं आंकडा सुमारें साडेचार टक्क्यांनीं पुन्हा चढला आणि एकंदर घट एकोणचाळीस टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजे गांठलेलें ध्येय बारा महिन्यांत निसटलें. ८ डिसेंबर २०२१ रोजीं ओलाफ शोल्ट्स चॅन्सेलर झाले, म्हणून हा चढ कोणाच्या पानावर लिहावा याविषयीं वाद होऊं शकेल. मीं तो मर्केलबाईंच्याच पानावर लिहिला आहे, कारण त्या वर्षांतले अकरा महिने त्यांचे होते.