मोकळ्या जागेची किंमत



संध्याकाळच्या वेळीं गांवाबाहेरच्या एखाद्या मैदानावर गेलें म्हणजे काय दिसतें? मुलें हुतूतू खेळत असतात, दोन-चार वृद्ध गृहस्थ कडेच्या पारावर बसलेले असतात, एखादी आई लेकराला चालावयास शिकवीत असते. या सगळ्याला कोणी तिकीट लावीत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, त्याला किंमत आहे ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. ती ध्यानांत येते मैदानाभोंवतीं पत्र्याचें कुंपण उभें राहतें त्या दिवशीं. मग हळहळ होते, अर्ज होतात, सह्या गोळा होतात. पण जमीन गेलेली असते. ती जाऊं नये म्हणून सार्वजनिक पैसा कसा खर्च करावा, हा आजचा विषय. त्याचें एक मोठें उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडलें आहे. तें त्याच्या गुणदोषांसह आपणांपुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

दुसरें महायुद्ध संपल्यावर त्या देशांत मोटारी वाढल्या, सुट्ट्या वाढल्या, लोकसंख्याही वाढली. आणि रविवारीं बाहेर पडलेल्या कुटुंबाला बसावयास जागा मिळेना. १९५८ सालीं तेथील काँग्रेसनें या प्रश्नाच्या चौकशीसाठीं एक आयोग स्थापन केला. लॉरन्स रॉकफेलर हे त्याचे अध्यक्ष. जानेवारी १९६२ मध्यें आयोगानें आपला अहवाल राष्ट्राध्यक्ष केनेडी यांस सादर केला. त्यांतील एक निष्कर्ष मला फार मार्मिक वाटतो. लोकांना काय हवें म्हणून पाहूं गेलें, तों शिकार, गिर्यारोहण असले पराक्रम मागें पडले. आणि यादीच्या अग्रभागीं आलें काय, तर मोटारींतून सहज फेरफटका, पायीं चालणें, पोहणें आणि झाडाखालीं बसून शिदोरी सोडणें! अशा साध्या सुखांना हिमशिखरें लागत नाहींत, घराजवळ हिरवी जागा लागते. नेमकी तीच नव्हती. सरकारी मालकीची विस्तीर्ण भूमि बहुतेक पश्चिमेकडे, आणि माणसांची दाटी शहरांत, असा तो विपर्यास होता.

या अहवालांतून ‘भूमि व जल संरक्षण निधि’ जन्मास आला. ३ सप्टेंबर १९६४ रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९६५ पासून तो अंमलांत आला. आरंभीं उद्यानांचे प्रवेशशुल्क, सरकारास नको असलेल्या मालमत्तेची विक्री आणि मोटारनौकांच्या इंधनावरील कर यांतून पैसा जमा होई. तो अर्थातच पुरेना. तेव्हां १९६८ सालीं एक नवा झरा या निधीकडे वळविण्यांत आला. समुद्राच्या तळांतून तेल व वायु काढण्याचे हक्क कंपन्यांना देऊन सरकारला जें उत्पन्न होतें, त्यांतील कांहीं भाग या कामीं लावावा असें ठरलें. यामागील तत्त्व सरळ आहे. समुद्रतळींचें तेल ही सर्व राष्ट्राची ठेव. एकदां उपसली कीं ती परत यावयाची नाहीं. मग तिचा अंश तरी दुसऱ्या अशा ठेवींत घालावा कीं जी नातवंडांच्या हातीं शाबूत पोंचेल. आतां, त्या तेलाच्या धुरानें हवामानच पालटूं लागलें असतां त्याच पैशानें रान विकत घ्यावें, यांत विनोद आहे खरा. परंतु तेल काढलें जाणारच असेल, तर त्याचा पैसा अन्यत्र उडण्यापेक्षां जमिनींत रुजलेला बरा, असें मला वाटतें.

निधीचे मुख्य वाटे दोन. एक मध्यवर्ती सरकारचा. त्यांतून राष्ट्रीय उद्यानें, अरण्यें, वन्य प्राण्यांचीं आश्रयस्थानें यांसाठीं जमीन खरेदी होते. जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी सुमारें २,१९० मैलांची अपलाचियन पायवाट आज जवळजवळ सर्वस्वीं संरक्षित आहे, त्याचें पुष्कळसें श्रेय या पैशाला आहे. दुसरा वाटा राज्यांचा, आणि मला अधिक रस आहे तो यांत. प्रत्येक राज्यानें प्रथम आपल्या गरजांचा आराखडा करावयाचा. मग शहरें, तालुके यांनीं आपापल्या योजना पाठवावयाच्या. आणि मान्य झालेल्या खर्चाचा निम्मा भाग निधीनें उचलावयाचा. अशीं चाळीस हजारांहून अधिक कामें आजवर झालीं आहेत. त्यांत भव्य असें थोडेंच आहे. कोठें पोहण्याचा तलाव, कोठें चेंडूफळीचें मैदान, कोठें नदीकाठची चालण्याची वाट.

निम्म्याची ही अट ऐकावयास न्याय्य वाटते. ज्यांना जागा हवी त्यांनीं कांहीं पदरमोड करावी, हें ठीकच. पण अडचण अशी कीं, बहुधा पैसा आधीं खर्च करावा लागतो आणि भरपाई मागाहून मिळते. श्रीमंत उपनगराला हें जमतें. ज्या वस्तींत एकही झाड नाहीं, तिच्याजवळ आपला अर्धा वाटाही नसतो. गरज जेथें मोठी तेथें अनुदान पोंचत नाहीं, हा या पद्धतीचा मोठा दोष मला दिसतो. दाट वस्तीच्या गरीब शहरी भागांसाठीं २०१४ पासून निराळी स्पर्धात्मक योजना चालू झाली. तिच्यांतही जोडरकमेची अट सुटलेली नाहीं.

परंतु या कायद्याचें खरें बळ पैशांत नसून एका कलमांत आहे. अनुदानाचा स्पर्श झालेली जागा कायमची लोकांच्या मोकळ्या विरंगुळ्यासाठींच राहिली पाहिजे. ती दुसऱ्या कामास लावावयाची तर गृहमंत्री नव्हे, तर तेथील अंतर्गत भूमि-खात्याचा मंत्री, त्याची संमति लागते. आणि बदल्यांत किमान तेवढ्याच बाजारभावाची व तितक्याच उपयोगाची दुसरी जागा द्यावी लागते. न्यूयॉर्कमधील उदाहरण घ्या. ब्राँक्स विभागांतील मॅकॉम्ब्ज डॅम उद्यान २००६ सालीं यांकी संघाच्या नव्या क्रीडागृहासाठीं घेतलें गेलें. त्या उद्यानास पूर्वीं या निधीचें अनुदान मिळालें होतें. म्हणून बदली जागा देणें भाग पडलें. जुनें क्रीडागृह पाडून त्या जागीं मैदानें झालीं, तीं २०१२ सालीं खुलीं झालीं. नवें क्रीडागृह मात्र २००९ मध्येंच उघडलें होतें! मधल्या वर्षांत त्या वस्तींतील जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं तीं सोळा वर्षांचीं झालीं. कायद्यानें जमीन परत मिळवून दिली, बालपण परत देणें त्याच्या हातीं नव्हतें. तरीही तें कलम नसतें तर कदाचित् जमीनही मिळाली नसती.

पैशाची कथा इतकी उजळ नाहीं. १९७८ पासून दरसाल नव्वद कोटि डॉलरपर्यंत रक्कम निधीच्या नांवें जमा होऊं लागली. पण जमा होणें निराळें आणि खर्चास मिळणें निराळें. दरवर्षीं काँग्रेसनें मंजुरी द्यावयाची, आणि ती हात आखडून देई. पहिल्या पन्नासाहून अधिक वर्षांत जमेच्या निम्म्याहूनही कमी रक्कम या कामीं लागली. १९९६ ते १९९९ या काळांत तर राज्यांच्या नव्या अनुदानांसाठीं कांहींच दिलें गेलें नाहीं. २०१५ आणि २०१८ सालीं मुदत संपून निधींत रक्कम जमा करण्याचा अधिकारच कांहीं काळ लुप्त झाला. अखेर २०१९ सालीं तो कायमचा करण्यांत आला, आणि ४ ऑगस्ट २०२० च्या कायद्यानें पूर्ण नव्वद कोटि दरसाल देण्याची तरतूद झाली. दोन्ही पक्षांचीं मतें त्याला मिळालीं. फक्त, १९७८ मध्यें नव्वद कोटींत जें येई, त्याला आज चौपटीहून अधिक पैसे पडतात, याचा विचार त्या आंकड्यांत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. १९७४ सालीं मुंबईच्या समुद्रांत तेल लागलें, तें आपणांस ठाऊक आहे. त्या तेलाच्या उत्पन्नांतून किनाऱ्यावरील एखादें मैदान राखावें असा दंडक आपल्याकडे नाहीं. आपली पद्धत आरक्षणाची. शहराच्या विकास आराखड्यांत अमुक तुकडा खेळाच्या मैदानासाठीं म्हणून दाखविला जातो. परंतु महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यांतील १२७ व्या कलमाप्रमाणें, आराखडा अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. आणि पुढील ठराविक मुदतींत नगरपालिकेनें पावलें उचललीं नाहींत तर आरक्षण आपोआप संपतें. यांत मालकावर दोष ठेवतां यावयाचा नाहीं. त्याची जमीन किती वर्षें अडकवून ठेवावी? उणीव आहे ती पैशाची. नकाशावर रंग भरला, पण त्यामागें थैली ठेवली नाहीं.

आपल्या गांवचा तो नकाशा नगरपालिकेच्या कचेरींत पाहावयास मिळतो. त्यांत बागा व मैदानें म्हणून दाखविलेले तुकडे शोधावे, आराखडा कोणत्या सालीं मंजूर झाला तें विचारावें, आणि त्यांपैकीं किती तुकडे अद्याप ताब्यांत आलेले नाहींत हेंही विचारून घ्यावें. दहा वर्षें भरण्यास किती अवकाश आहे, याचा हिशेब मग घरीं बसून करतां येतो.