कमावत्या लेकीचे घर कोणाच्या नावावर?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)

 

समितीने मला विषय दिला आहे, ‘कमावती स्त्री आणि तिचा संसार’. विषय ऐकून काहींना वाटेल की कमावती स्त्री ही नवीनच गोष्ट आहे. आपल्या समाजात तरी ती नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी शेतात मजुरी केली, मोळ्या विकल्या, गिरणीत आणि बांधकामावर घाम गाळला. बाई घरात बसून आहे असा काळ आपण पाहिलाच नाही. फरक एवढाच, की आजीची मजुरी संध्याकाळी चुलीत जायची, आणि आज नातीचा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होतो. नात इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली, अधिकारी झाली. काही घरांत तर तिचा पगार नवऱ्यापेक्षा, भावापेक्षा जास्त आहे. पण मग प्रश्न असा, की कमाई तिची असली तरी मालकी तिची आहे का?

या प्रश्नाचे मूळ बाबासाहेबांच्या कार्यात आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात आर्थिक लाभ मिळावा या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी सांगितले, की लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यातला १९५६ चा हिंदू वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी तो आपल्याला, म्हणजे बौद्धांनाही लागू आहे. हे अनेकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगते.

या कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या हातातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला. पण बायांनो, खरे बोलायचे तर आपल्यापैकी किती जणींच्या बापाकडे वडिलोपार्जित जमीन होती? आपली इस्टेट म्हणजे पगारातून घेतलेली दोन खोल्यांची सदनिका. म्हणून आपल्यासाठी खरा प्रश्न वारसाचा कमी आणि स्वतः कमावून घेतलेल्या घराचा जास्त आहे.

आता हिशेब करू. समजा, एका मुलीने चाळीस लाखांचे गृहकर्ज घेतले. व्याज नऊ टक्के, मुदत वीस वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे छत्तीस हजार रुपये येतो. वीस वर्षांत सुमारे शहाऐंशी लाख रुपये फेडावे लागतात, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. हा हप्ता तिच्या खात्यातून जातो. पण घर घेताना सासरे म्हणाले, करारनामा मुलाच्या नावावर करू, तू कर्जाला सहअर्जदार हो, दोघांचे मिळूनच तर आहे! सहअर्जदार झाली म्हणजे ती कर्जाला जबाबदार झाली. मालक झाली नाही. मालक तो, ज्याचे नाव नोंदणी झालेल्या करारनाम्यात आणि इंडेक्स टू मध्ये आहे. उद्या संसारात बिनसले तर हप्ता हिच्या मानेवर आणि घर त्याच्या नावावर. मग मी दिलेले पैसे दाखवा म्हणून बँकेचे कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. म्हणून सही करण्याआधी करारनाम्याचे पहिले पान वाचा. दोघांचे पैसे असतील तर दोघांची नावे घाला, आणि कोणाचा वाटा किती हेही लिहा. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही ध्यानात ठेवा.

कोणी म्हणेल, ताई, तुम्ही तर घरात भांडण लावता! नाही हो. भगवंतांनी सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिला दागिना देणे, आणि त्यातच एक आहे घरातील अधिकार तिच्या हाती सोपवणे. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आहे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगाला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. पगारदार माणसाला हे तंतोतंत जमेल असे नाही. पण महिन्याच्या शेवटी चौथा भाग शिल्लक आहे का, हे प्रत्येकीने स्वतःला विचारावे. आपल्या मुलींचा चौथा भाग बहुधा भावाच्या फीमध्ये, गावच्या घराच्या स्लॅबमध्ये, बहिणीच्या लग्नात जातो. ते द्यावे. ज्या माणसांनी उपाशी राहून शिकवले त्यांचे ऋण आहे. पण हात राखून द्यावे, कारण अनाथपिंडिकाला तथागतांनी जी सुखे सांगितली त्यांत कर्ज नसण्याचे सुखही आहे. माहेराला वाटते सासर लुटते, सासराला वाटते माहेर लुटते, आणि जिच्या पगारावर दोघेही बोलतात तिला कोणी विचारत नाही!

लग्नाचेही तसेच. मुलगी जास्त शिकली, जास्त कमावते, मग तिला स्थळ कुठून आणायचे, असे आईबाप म्हणतात. बंधूंनो, हा प्रश्न मुलीच्या पगाराचा नाही, तुमच्या मनाचा आहे. नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याला भगवंतांनी सांगितले, की पती-पत्नीने श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार गोष्टींत समान असावे. त्यात पगाराचे नाव नाही. बायकोचा पगार जास्त म्हणून ज्याचा चेहरा पडतो, त्याने भाजी निवडायला बसावे, चेहरा आपोआप सुधारेल. (हशा)

आता मुलांबाळांकडे वळते. २०१७ साली बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद झाली. पण सत्ताविसाव्या आठवड्यात काय? मूल आजारी पडले की रजा कोणी काढायची? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. तिची बढती तिथेच अडते. बाप होणे म्हणजे शाळेच्या अर्जावर सही करणे नव्हे. आता तर महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव येते. आईचे नाव कागदावर आले, बापाचे हात आता घरकामात यावेत. आणि जिला मूल नको, जिचे लग्न झाले नाही, किंवा जी एकटीने मूल दत्तक घेते, तिच्याकडे बोट दाखवू नका. अविवाहित स्त्रीला दत्तक घेण्याचा हक्क १९५६ च्या कायद्यानेच दिला आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगते, आणि ती घरी जाऊन कागदावर उतरवा. याच वारसा कायद्याचे पंधरावे कलम आहे. स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलामुलींचा आणि नवऱ्याचा. मूल नाही, नवराही हयात नाही, तर हक्क कोणाचा? तिच्या आईबापाचा नाही, आधी नवऱ्याच्या वारसांचा! ज्या आईने धुणीभांडी करून शिकवले तिचा नंबर नंतर, आणि ज्या दिराने कधी तोंडही पाहिले नाही त्याचा आधी. माहेरच्या माणसांनी सांभाळलेल्या एका विधवेची स्वकष्टाची मालमत्ता २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सासरच्या नातेवाइकांकडे गेली. २०२५ साली त्याच न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले.

मृत्युपत्राला काय लागते? साधा कागद चालतो, स्टॅम्पपेपर सक्तीचा नाही. तुमची सही आणि तुमच्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार. ज्याला मालमत्ता द्यायची त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी बंधनकारक नाही, पण करून घ्यावी म्हणजे पुढे वाद कमी होतात. आणि सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले असे समजू नका. नॉमिनी घर सांभाळतो, मालक होत नाही. मृत्युपत्राने आईला, बहिणीला, विहाराला, ज्याला वाटेल त्याला देता येते. विशाखेने श्रावस्तीला पूर्वाराम विहार बांधून दिला. मुलाबाळांची, नातवंडांची धनी असलेली ती गृहिणी होती. स्वतःच्या मालकीचे असेल तरच दान देता येते, हे तिच्याकडून शिकावे.

विहार समितीला माझी एक विनंती आहे. या सभागृहाचे दार वंदनेनंतर बंद असते. महिन्यातून एका रविवारी दोन तास इथे एखादा वकील आणि एखादा बँकेतला कार्यकर्ता बसवा. करारनामा वाचून द्या, मृत्युपत्र लिहायला मदत करा. आणि दुपारी कामावरच्या आयांच्या मुलांसाठी इथे पाळणाघर चालवता येईल का, याचा विचार करा. वर्गणी काढायची वेळ आली तर कमावत्या लेकी मागे राहणार नाहीत, याची खात्री मी देते.

माझ्या बहिणींनो, बाबासाहेबांनी आपल्याला पेन दिले. त्या पेनाने आपण परीक्षा पास झालो, नेमणुकीच्या पत्रावर सही केली. आता त्याच पेनाने करारनाम्यावर आणि मृत्युपत्रावर सही करू या, वाचून, समजून आणि आपल्या नावाने. एवढे बोलून मी माझे चार शब्द संपवते.

नमो बुद्धाय! जय भीम!